लाल रेघेखालची ॲनी

१

हेझल शोरॉक रोज सकाळी बापाच्या घरी यायची ती मुख्यतः बटणं लावायला. बाकी सगळं विल्फ शोरॉकला अजून जमत होतं. नव्वदी ओलांडलेला हा म्हातारा स्वतःची दाढी स्वतः करायचा, अंडं उकडायचा, पेपरातल्या मंत्र्यांना नावानिशी शिव्या घालायचा. पण संधिवाताने त्याची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी झाली होती, आणि उत्तर इंग्लंडातल्या लँकशरमध्ये मार्चच्या थंडीत कार्डिगनशिवाय निभत नाही. म्हणून हेझल यायची. तो आतली साखळी काढून दार उघडायचा आणि खुर्चीत बसून न्हाव्यापुढे बसावं तशी हनुवटी वर करायचा.

"राजाच्या फौजेत होतो तेव्हा मला कोणी बटणं लावून देत नव्हतं," हे त्याचं रोजचं.

"राजा गेला, फौजही गेली. हात खाली घ्या, बाबा," हे तिचं रोजचं.

त्या मंगळवारी त्याने दार उघडलं, ती अंगावरचा कोट न काढताच किटली ठेवायला आत गेली. चहा घेऊन बाहेर आली, कप टेबलावर ठेवला, सवयीने त्याच्यापुढे वाकली आणि हात तसेच हवेत राहिले. कार्डिगनची बटणं लावलेली होती. सगळीच्या सगळी, ज्याच्या त्याच्या काजात. शर्टाची कॉलर बाहेर काढून नीट बसवलेली.

रात्री तसाच झोपला असेल, असं तिच्या मनात आलं. पण पायजमा जिन्याच्या पायथ्याशी धुवायला काढून ठेवलेला होता. मग तिचं लक्ष बुटांकडे गेलं. विल्फ गेली दोन वर्षं बिननाडीचे सपाट जोडे घालायचा. आज त्याच्या पायात कपाटातले जुने काळे बूट होते. नाड्या बांधलेल्या होत्या, आणि गाठीवर पुन्हा गाठ मारलेली होती. शाळेत जाणाऱ्या पोराची नाडी वाटेत सुटू नये म्हणून मारतात तशी.

"हे कोणी बांधलं?"

विल्फने चहावर फुंकर घातली. "ॲनीने," तो म्हणाला. पोस्टमन येऊन गेला असं सांगावं, तसं.

२

हे नाव हेझलने पहिल्यांदा जानेवारीत ऐकलं होतं, तेही बापाच्या तोंडून नव्हे. विल्फ जिन्यावरून घसरला, हॉस्पिटलात गेला, आणि तिथे कुणीतरी कागदावर लिहिलं, 'रुग्ण अस्तित्वात नसलेल्या बहिणीशी बोलतो.' या देशात एकदा कागदावर आलेली गोष्ट माणसापेक्षा जास्त जगते. हॉस्पिटलाने तो कागद कौन्सिलला दिला, कौन्सिलने तो फिलिपा ग्रिमशॉ नावाच्या बाईला दिला, आणि फिलिपाबाईंनी मोटरवेच्या पलीकडच्या एका वृद्धाश्रमात विल्फसाठी पलंग बघून ठेवला. आता एकच पाहणी राहिली होती, पुढच्या गुरुवारची. ती झाली की सही होणार होती.

असे पलंग हेझलने पाहिले होते. समोरच्या घरातला बिल हार्ग्रीव्हज चालत-बोलत त्या दारातून आत गेला आणि नाताळाच्या आत पेटीतून बाहेर आला. त्याला काय झालं होतं, याची कागदावर नोंद होती. घरातून उपटलेलं म्हातारं माणूस वाळून जातं, ही नोंद कुठल्याच कागदावर नव्हती.

हेझलने तीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात काढली होती आणि त्यातली वीस युनियनच्या खुर्चीवर. साहेब लोकांच्या कागदाला कागदानेच मारायचं, हे ती तिथेच शिकली होती. ती बापासमोर बसली.

"बाबा, ही ॲनी कोण?"

"माझी बहीण. आमची ॲनी."

"आजीला पोरगेच होते. तुम्ही तिघं भाऊ. अंत्ययात्रांना मी तुम्हा सगळ्यांना मोजलंय."

विल्फ हसला. मग त्याने सावकाश सांगितलं. त्याची आई सारा-एलन विणकरीण. बाळंतपण उरकलं की चार दिवसांत परत मागावर. थोरले दोघे गिरणीत. मागे तान्ह्या विल्फला बघायला घरात कोण? ॲनी. तिने त्याला चालायला शिकवलं, बोट धरून जिना उतरायला शिकवलं, नाड्या बांधल्या. आईने बजावलं होतं, घरातलं घरात ठेवायचं. पुढे लग्न झालं. बायको एड्नाला ते नाव सहन होत नव्हतं म्हणून त्याने ते घेणं सोडलं, आणि ॲनीही जरा लांबच राहिली.

"आणि माझी आई गेल्यावर?" हेझलने विचारलं.

"तुझी आई गेली म्हणून तर परत आली ना. माझं आता होत नाही, हे तिला दिसतंय की."

तो इतका शहाण्यासारखा बोलत होता, की हेझलला रडू आलं. मग रागही आला, आणि राग तिला जास्त सोयीचा होता. ॲनी नावाची मुलगी या घरात कधीतरी होती, एवढं तरी सिद्ध करता आलं पाहिजे. मग म्हातारा भ्रमिष्ट ठरत नाही. बहिणीच्या आठवणीत रमलेला साधा म्हातारा ठरतो, आणि असल्या माणसाला घराबाहेर काढायचा कायदा अजून कोणी केलेला नाही.

३

हेझलच्या शाळेतली मैत्रीण थेल्मा गावच्या वाचनालयात वंशावळीच्या टेबलावर फुकट काम करायची. लोक तिच्याकडे सरदार-उमराव शोधत यायचे आणि न्हावी-गवंडी घेऊन परत जायचे.

"तुला काय हवं? ड्यूक की दरोडेखोर?"

"आत्या हवी. असली तर."

थेल्माने एकोणीसशे अकराची जनगणना उघडली. त्या सालचे तक्ते सरकारी माणसाने लिहिलेले नाहीत. ज्या त्या घराने स्वतःच्या हाताने भरलेले, तसेच ठेवलेले आहेत. पडद्यावर सारा-एलनचं अक्षर आलं, गिरणीतून दमून आलेल्या बाईचं, उजवीकडे उतरत जाणारं. पत्ता विल्फच्या आजच्या घराचाच. नवरा, ती स्वतः, मुलगा वय शून्य. आणि त्याखाली ॲनी, मुलगी, वय दोन. त्या ओळीवरून लाल शाईची रेघ गेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टी लावून मारल्यासारखी.

"ही होती!" हेझल म्हणाली. "पण खोडलंय का?"

थेल्माचा चेष्टेचा सूर गेला. त्या वर्षी सरकारने बायकांना विचारलं होतं, किती मुलं झाली, किती जगली, किती गेली. उत्तर आकड्यात द्यायचं होतं. पण हजारो बायकांनी गेलेल्यांची नावंच खाली लिहून टाकली. जनगणनेच्या रात्री घरात झोपलेल्यांच्या यादीत, जिवंतांच्या शेजारी. मग कचेरीतले कारकून लाल शाई घेऊन बसले आणि एकेक पोर खोडत गेले.

"चुकून लिहायच्या बायका," थेल्मा म्हणाली. "असं म्हणायची पद्धत आहे."

हेझल पडद्याकडे बघत राहिली. आजीने चूक केली नव्हती. वरच्या रकान्यात तिच्याच अक्षरात स्पष्ट होतं, झालेली दोन, हयात एक, गेलेलं एक. मुलगी गेली हे तिला ठाऊक होतं. तरीही कुणा सरकारी माणसाने मागितल्याशिवाय तिने ते नाव लिहिलं होतं. आणि ते कारकुनाने खोडलं होतं. शंभरावर वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाला हेझलने मनातल्या मनात जी विशेषणं दिली, ती वाचनालयात मोठ्याने बोलता आली नसती.

थेल्माने दफनाची नोंदही काढली. ॲनी शोरॉक, फेब्रुवारी एकोणीसशे दहा, घटसर्प, वय दीड वर्ष, सार्वजनिक कबर.

"दीड," हेझल हळूच म्हणाली. "मग पुढच्या वर्षी दोन कसं लिहिलं?"

"आईच ती," थेल्मा म्हणाली. "मोजत राहिली असेल."

४

दीड वर्षाचं पोर कुणाला चालायला शिकवत नाही. विल्फ जन्मला त्याच्या वीस वर्षं आधी ॲनी मातीत गेली होती. म्हणजे हाती आलेला कागद बापाला वाचवणारा नव्हता, बुडवणारा होता. हेझल त्या रात्री नीट झोपली नाही.

थेल्मालाच सुचलं. लोक त्या काळी मेलेल्या मुलीचं नाव पुढच्या मुलीला ठेवायचे, जुना कोट धाकट्याला द्यावा तसं. दुसरी ॲनी असेल. एकोणीसशे एकवीसचे कागद शंभर वर्षं कुलपात राहून नुकतेच खुले झाले होते, आणि मँचेस्टरच्या मोठ्या ग्रंथालयात ते फुकट बघायला मिळत होते. शनिवारी दोघी आगगाडीने गेल्या. थेल्माने वाटेत दोघींच्या वाटणीचं सँडविच एकटीने खाल्लं आणि वर हेझललाच बारीक होण्यावरून बोलून घेतलं. हेझलला हसू आलं. खूप दिवसांनी.

तक्ता उघडला. तेच उतरतं अक्षर, जरा जाड झालेलं. नवरा, बायको. तिसऱ्या ओळीत ॲनी, मुलगी. मग दोघे मुलगे. कुठेही लाल रेघ नव्हती. उलट प्रत्येक नावापुढे मोजणी करणाऱ्याची पेन्सिलीची खूण होती, ॲनीपुढेसुद्धा. खाली बेरजेत बायका दोन.

"बघ!" थेल्माने तिच्या पाठीत धपाटा घातला. "दुसरी ॲनी. मिळाली तुझी आत्या."

हेझलच्या छातीवरचा दगड उतरला. सरकारचाच कागद, सरकारचीच खूण. आता बोला म्हणावं, फिलिपाबाई. मग ती वयाच्या रकान्याशी आली. त्या वर्षी वय वर्षं आणि महिन्यांत विचारलं होतं. बारा वर्षं, दहा महिने.

थेल्माने बोटांवर हिशेब केला आणि पुन्हा केला. एकोणीसशे आठचा ऑगस्ट. पहिल्या ॲनीचाच जन्म. ती जन्मनोंदी शोधू लागली. दुसरी ॲनी शोरॉक त्या गावात कधी जन्मलीच नव्हती.

"आजीने पहिलीचंच वय टाकलं असेल," थेल्मा म्हणाली. आवाजात जोर नव्हता.

"आणि मोजणीवाला? तो दारात येऊन तक्ता तपासून न्यायचा ना? डोकी मोजून?"

हेझलने पुढचा रकाना वाचला. कामाचं स्वरूप, घरकाम. भावांना सांभाळते. कामाचं ठिकाण, घरीच.

दोघींनी छापील प्रत घेतली. परतीच्या गाडीत कोणीच कोणाची चेष्टा केली नाही.

५

विल्फच्या घरात वर दोन खोल्या आहेत. पुढची त्याची. मागची अडगळीची. रविवारी दुपारी, लख्ख उन्हात, हेझल स्वतःला मूर्ख म्हणत त्या मागच्या खोलीत गेली. खोके, एड्नाचं शिवणयंत्र, गुंडाळलेला गालिचा. सगळ्यावर जाड धूळ. वास फक्त जुन्या कागदाचा. घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच ती स्वतःला सांगत होती, तेवढ्यात तिला खुर्ची दिसली.

साधी लाकडी खुर्ची. ती खोलीत कुठेही असू शकली असती. पण ती विल्फच्या खोलीच्या भिंतीला गुडघे टेकतील इतकी जवळ, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. त्या भिंतीपलीकडे विल्फची उशी येते. कुणाचा श्वास ऐकत बसायचं असेल तर हीच जागा. आणि बैठकीवर धूळ नव्हती.

हेझलने ती उचलून खिडकीपाशी ठेवली आणि जरा घाईनेच खाली आली. विल्फ टेबलावर बटाटे सोलत होता, म्हणजे निम्मा बटाटा सालीबरोबर टाकत होता. ती समोर बसली, सुरी हातात घेतली. दोघं खाली, घरात तिसरं कोणी नाही.

वर लाकूड फळ्यांवरून सरकलं. सावकाश. मध्ये थांबून, पुन्हा. जड वस्तू बेताच्या ताकदीने ओढावी तसं. मग थांबलं.

रस्त्यावरची गाडी असेल. शेजारचं घर असेल, या घरांच्या भिंती कागदाच्या. हेझलचं डोकं भराभर कारणं पुरवत होतं आणि सुरीखालचा बटाटा तसाच होता.

विल्फने मान वर केली नाही. "तू तिची खुर्ची हलवलीस का?"

"...हो."

"नको हलवू, पोरी. तिला उचलवत नाही."

हेझल पुन्हा वर गेली नाही. पण घरी जाताना, बसमध्ये, तिला एक गोष्ट जाणवली आणि ती तिला आवडली नाही. जानेवारीपासून दर रात्री तिला एकच भीती असायची, म्हातारा अंधारात पडेल आणि कोणाला कळणार नाही. त्या दिवशी ती भीती आली नव्हती.

६

गुरुवारी फिलिपा ग्रिमशॉ वेळेवर आली. वाईट बाई नव्हती ती. पण नव्वदीच्या माणसाशी, तो बहिरा नसताना, अंगणवाडीतल्या पोराशी बोलावं तसं ओरडून बोलायची. "काय विल्फ! आज कुठला वार, सांगाल का मला?"

"गुरुवार. तुमच्या कचेरीत कॅलेंडर नाही वाटतं," विल्फ म्हणाला. आणि हसताना त्याचा चहा सांडला. शर्ट बदलायला तो वर गेला.

तेवढ्यात हेझलने एकवीस सालचा कागद टेबलावर ठेवला. दफनाची नोंद तिच्या पर्समध्ये होती. ती तिथेच राहिली. फिलिपाने कागद नीट वाचला, आणि हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं, ताबडतोब चूक कबूल केली. बहीण होती, मान्य. ती नोंद दुरुस्त करीन, म्हणाली.

"पण हेझल, प्रश्न तो नाही ना. ती होती. आता ती घरात आहे असं ते म्हणतात. आणि समजा नसते म्हणाले, तरी त्यांना कपडे कोण घालतं? या जिन्यावरून कोण आणतं? तुम्ही बसने येता. रात्री काय?"

कागद जिंकला होता आणि बाप हरत होता. वर फळीवर पावलं वाजली. हेझल उठली तशी फिलिपाने हात आडवा केला.

"नका जाऊ. ते एकटे कसे उतरतात तेच मला बघायचंय."

गिरणीकामगारांच्या त्या घरांतला जिना दोन भिंतींमध्ये चेपलेला, शिडीसारखा उभा. फिलिपा पायथ्याशी जाऊन वर बघत उभी राहिली. हेझल तिच्या मागे, तिला जिना दिसत नव्हता, फक्त फिलिपाचा चेहरा एका बाजूने दिसत होता. जानेवारीत विल्फ याच जिन्यावरून आला होता, पाठीवर.

पायरी वाजली. विल्फचं जड पाऊल. त्याच्या मागोमाग दुसरं, हलकं. मग विल्फचं. मग हलकं. मधूनच कुणीतरी थांबून दम खाऊ देत होतं. हेझल फिलिपाकडे बघत होती. फिलिपाच्या चेहऱ्यावर भीती आली नाही. तिथे आधी नवल आलं, आणि मग लोकांना अरुंद जागी वाट करून देताना येतं तसलं कसनुसं सौजन्य. तिने फाईल छातीशी धरली, पोट आत घेतलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

विल्फ खाली आला. स्वच्छ शर्ट, बटणं गळ्यापर्यंत. डावं कोपर अंगापासून जरा लांब धरलेलं. हेझलला फक्त ती बाही दिसली. दंडाजवळ कापडाला चार चुण्या पडल्या होत्या, खोल, शेजारी शेजारी. तो खुर्चीत टेकला तेव्हा त्या एकेक करून सुटल्या.

फिलिपा अजून भिंतीलाच होती. विल्फ पुढे गेल्यावरही एक क्षण तशीच थांबली, आणि मग कुणाला तरी अर्धवट मान लववून टेबलाशी आली. खुर्चीत बसून तिने पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.

"या बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "इथेच राहतात, की येऊन-जाऊन?"

आयुष्यभर हेझलने साहेबांच्या प्रत्येक शब्दाला शब्द लावला होता. एका अर्ध्या वाक्यावरून तिने मुख्याध्यापकांना माफी मागायला लावली होती. आता तिला फक्त खरं बोलायचं होतं, आणि खरं काय ते तिला अजिबात माहीत नव्हतं. पर्समधली दफनाची नोंद पायाशी होती. विल्फ खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत होता.

"इथेच असते," हेझल म्हणाली. "आधीपासून."

"नाव?"

"ॲनी."

पेन थांबलं. फिलिपाची नजर टेबलावरच्या जुन्या कागदावर गेली, तिसऱ्या ओळीवर. तिथे ती बराच वेळ राहिली. रस्त्यावरून बस गेली, कपाटातल्या बश्या किणकिणल्या. मग फिलिपाने नाव लिहिलं. वयाचा रकाना तिने सोडून दिला, काही न विचारता, आणि पुढच्या पानावर गेली.

"पलंग दुसऱ्या कुणाला देते," ती फाईल बंद करत म्हणाली. "जिन्याला कठडा मात्र बसवून घ्या, मिस्टर शोरॉक. आमची माणसं येऊन बसवतील." ती दाराशी अडखळली. "दोन्ही बाजूंना बसवायला सांगते."

७

दुपारी विल्फ वर जाऊन आडवा झाला. हेझलने कपबश्या धुतल्या, पुसल्या, तरी ती निघेना. स्वयंपाकघरात ती बराच वेळ नुसतीच उभी राहिली. लढाई ती जिंकली होती, आणि कशाच्या जोरावर, हे तिला धड स्वतःलाही सांगता येत नव्हतं. उद्या थेल्मा विचारणार. थेल्माला काय सांगायचं?

शेवटी ती जिन्याच्या पायथ्याशी गेली. वर उजेड होता, मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिला तिथून विल्फचं घोरणं ऐकू येत होतं. वर जाण्याची इच्छा तिला मुळीच नव्हती, आणि तिथून पळून जाण्याचीही.

"मी निघते," ती म्हणाली. "उद्या जरा उशिरा येईन. एरवी त्यांचं करायला मी एकटीच असते म्हणून... म्हणजे असायचे." तिने पर्स या हातातून त्या हातात घेतली. "आत्या, तेवढं बघशील ना त्यांच्याकडे?"

वर काहीच हललं नाही. हेझल तशीच उभी राहिली, गळ्यात मफलर, हातात पर्स, स्वतःलाच जरा हसत.

मग मागच्या खोलीतून एक हलकं पाऊल बाहेर आलं, विल्फच्या दारापाशी गेलं, आणि ते दार कोणीतरी आतून लोटून घेतलं. अगदी सावकाश, कडी न वाजवता. नुकतंच झोपलेलं मूल उठू नये म्हणून लोटतात तसं.